रेणुकेचं पान

वडिलांच्या शब्दासाठी आईचं मस्तक उडवणारा मुलगा आपल्याकडे विष्णूचा अवतार मानला जातो आणि जिचं मस्तक उडालं ती आई आमच्या गावाची देवी आहे. रेणापुरात वाढलेल्या माणसाला या दोन्ही गोष्टी एकाच मनात ठेवाव्या लागतात. नवरात्रात पहाटे बाया अनवाणी रेणुकेच्या देवळाकडे निघतात, आराध्यांच्या गाण्यात परशुरामाचं नाव येतं आणि कुठलं तरी लहान मूल विचारतं, त्यानं आईला का मारलं? मोठी माणसं सांगतात, बापाची आज्ञा होती. मूल पुढचं विचारतं, मग चुकलं कोणाचं? बहुतेक घरांत इथे मुलाच्या हातावर प्रसाद ठेवतात आणि बोलणं दुसरीकडे वळतं.

मी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलं. निवृत्तीनंतर शनिवारी दुपारी गावातल्या मुलांना घेऊन वाचनालयात बसते; गोष्टी वाचतो, त्यांवर बोलतो, चित्रं काढतो. मुलाचा तो प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. धर्माच्या गोष्टीत दोन बाजू असल्या तर दोन्ही सांगाव्यात का, सांगितल्या तर श्रद्धा उणावते का, आणि प्रामाणिकपणे सांगणं म्हणजे नेमकं काय, हे सगळं त्या एका प्रश्नात आहे. त्याचं उत्तर शोधताना मला मदत झाली ती माझ्या भाच्याच्या कॉमिक्सची.

भाचा लातूरला खोली करून बारावीचे क्लास करतो. दिवाळीत घरी आला तेव्हा पिशवीत अभ्यासाच्या पुस्तकांखाली मार्व्हलचं ‘सिव्हिल वॉर’ होतं. मार्क मिलर यांनी लिहिलेली आणि स्टीव्ह मॅकनिव्हन यांनी चितारलेली ही कथा 2006–07 मध्ये सात अंकांत आली. काही तरुण सुपरहिरो टीव्हीच्या कार्यक्रमासाठी कॅमेरे लावून खलनायकांवर चालून जातात. त्यांतला नायट्रो स्वतःच्या अंगातून स्फोट घडवतो आणि स्टॅमफर्ड गावात सहाशेहून अधिक माणसं मरतात. त्यांत शाळेतली पोरं असतात. मग सरकार कायदा आणतं. ज्याच्या अंगात शक्ती आहे त्यानं खरं नाव नोंदवायचं, प्रशिक्षण घ्यायचं, सरकारला जबाब द्यायचा. आयर्न मॅन म्हणजे टोनी स्टार्क कायद्याच्या बाजूनं उभा राहतो, कॅप्टन अमेरिका विरोधात जातो, आणि काल खांद्याला खांदा लावून लढणारे एकमेकांवर तुटून पडतात.

भाच्याचं मत ठाम होतं. “आत्या, कॅपच बरोबर आहे.”

“असंल. पण स्टार्कचं म्हणणं काय आहे ते सांग बरं आधी.”

“त्याचं काय सांगायचं? त्यानं मित्रांलाच तुरुंगात टाकलं की.”

“ते त्यानं केलं. त्याचं म्हणणं काय होतं?”

तो गप्प बसला. पोरगा हुशार आहे, दोन दिवसांत अख्खं पुस्तक वाचून काढणारा. तरी त्याला ते सांगता आलं नाही. म्हणून मी पुस्तक मागून घेतलं आणि स्वतः वाचलं.

स्टार्कचं म्हणणं खरं तर भक्कम आहे. तालुक्याच्या दवाखान्यात नोंदणी नसलेला डॉक्टर बसलेला आपण चालवून घेत नाही, मग इमारत उचलू शकणाऱ्या माणसाला मुखवटा घालून मोकळं का सोडायचं? मेलेल्या लेकराच्या आईनं दाद कोणाकडे मागायची, मुखवट्याकडे? कॅप्टनचं म्हणणंही तितकंच भक्कम आहे. आज नावं नोंदवून घेणारं सरकार उद्या बदलेल, यादी मात्र कपाटात राहील. आपल्याकडे आणीबाणीत याद्यांवरूनच माणसं उचलली गेली. शिवाय कोण खलनायक हे उद्या मंत्रालय ठरवू लागलं तर काय? दोघांच्या म्हणण्यात जीव आहे आणि पहिल्या दोन अंकांत कथा दोघांनाही बोलू देते.

मग लेखक हात आखडता घेतो. स्टार्कची बाजू थॉरची नक्कल तयार करते आणि ती नक्कल गोलायथ या माणसाला ठार मारते. विरोध करणाऱ्यांना दुसऱ्याच जगात बांधलेल्या तुरुंगात डांबलं जातं. कालचे खुनी पगारावर ठेवून त्यांना जुन्या मित्रांच्या मागे सोडलं जातं. आता वाचणाऱ्या पोराला नोंदणी योग्य की अयोग्य हे ठरवण्याची गरजच उरत नाही. ज्यानं असली पापं केली त्याचं म्हणणं ऐकायचं कशाला? माझ्या भाच्यानं स्टार्कचं म्हणणं विसरावं ही सोय लेखकानंच करून ठेवली होती.

ही युक्ती एकदा ध्यानात आली की जागोजागी दिसू लागते. 2018 च्या ‘ब्लॅक पँथर’ सिनेमात किलमाँगर विचारतो, जगभर काळी माणसं भरडली जात असताना वाकांडा आपली संपत्ती लपवून का बसला? प्रश्न इतका खरा आहे की शेवटी राजा टचाला स्वतः राज्याची दारं उघडतो. पण तोवर किलमाँगरनं आपल्याच साथीदार मुलीला गोळी घातलेली असते, एका वृद्धेचा गळा धरलेला असतो. खऱ्या तक्रारीच्या माणसाच्या हातून एखादं निष्पाप माणूस मारवायचं. मग तक्रारीला उत्तर द्यावं लागत नाही. मला हे खोट्या साक्षीइतकं वाईट वाटतं.

उलटही घडलं आहे. एक्स-मेन 1963 साली सुरू झाले तेव्हा मॅग्नेटो नुसता जगावर राज्य करू पाहणारा दुष्ट होता. ख्रिस क्लेअरमाँट यांनी 1981 च्या एका अंकात त्याला थांबायला लावलं. आपल्या हातून एक कोवळी मुलगी मेली असं वाटून तो हादरतो आणि आपण आउश्वित्झमधून आलो हे सांगतो. तेव्हापासून त्याचं म्हणणं वाचकाला टाळता आलेलं नाही: ज्यांनी एकदा माझी माणसं भट्टीत घातली, ते पुन्हा घालणार नाहीत यावर मी कशाच्या भरवशावर विश्वास ठेवू? प्राध्यापक झेवियर सलोख्याचं बोलतो. मॅग्नेटोला खरा आवाज मिळाल्यावर झेवियरचं बोलणंही वजनदार झालं, कारण आता त्याला सोप्या माणसाला उत्तर द्यायचं नव्हतं.

यात आपल्याला परकं काही नाही. मीमांसकांच्या अधिकरणात आधी विषय येतो, मग संशय, मग पूर्वपक्ष आणि त्यानंतरच सिद्धान्त. पूर्वपक्ष दुबळा मांडला तर सिद्धान्तालाच कमीपणा. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त पहिलं दर्शन चार्वाकाचं आहे, देव आणि परलोक नाकारणाऱ्याचं. चार्वाकांचे मूळ ग्रंथ आज आपल्या हाती नाहीत. त्यांचं म्हणणं आपल्याला कळतं ते बहुतांशी विरोधकांनी मांडून ठेवलं म्हणून. ते त्यांनी पूर्ण न्यायानं मांडलं असेल असं मी म्हणणार नाही, पण मांडलं. आणि आमच्या मराठवाड्यातच, पैठणला, एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात दोघंही एकमेकांच्या धर्मावर जे बोचरे आक्षेप घेतात ते ऐकताना वाटतं की नाथांनी बाजारात उभं राहून दोन्हीकडचं भांडण कान देऊन ऐकलं असलं पाहिजे. तुर्काच्या तोंडी त्यांनी लेचंपेचं काही घातलं नाही. म्हणूनच शेवटी दोघांचं जुळतं ते खरं वाटतं.

आता हेच माप घेऊन मी आमच्या गावाच्या देवीच्या गोष्टीकडे जाते.

महाभारताच्या वनपर्वात ती अशी आहे. रेणुका स्नानाला गेली, चित्ररथ राजाला स्त्रियांसह जलक्रीडा करताना तिनं पाहिलं आणि क्षणभर तिचं मन चळलं. आश्रमात परतली तेव्हा जमदग्नीनं ते ओळखलं. पाच मुलांपैकी रुमण्वान, सुषेण, वसू आणि विश्वावसू यांना त्यानं एकेक करून आईला मारायला सांगितलं. ते सुन्न होऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत. त्यानं शाप दिला आणि चौघांची शुद्ध हरपून ते पशुपक्ष्यांसारखे जड झाले. मग पाचवा, राम, आला. त्यानं परशू उचलला. बाप प्रसन्न झाला, वर माग म्हणाला. मुलानं मागितलं: आई जिवंत व्हावी, तिला मारल्याचं आठवू नये, मला पाप लागू नये, भाऊ पूर्ववत व्हावेत.

परशुरामाची आणि जमदग्नीची बाजू या कथेत आहे. चौघा भावांची नाही. आईला मारायला नकार देणारे चार मुलगे, आणि त्या नकाराचं एक वाक्यही कथेनं त्यांना दिलेलं नाही. त्यांची नावं देवीच्या गावातल्या माणसांनाही ठाऊक नसतात. रेणुकेची बाजू तर आठवणीसकट पुसली गेली आहे. ती उठते, सगळं छान झालेलं असतं आणि तिच्यावर काय घडलं हे जगात तिला एकटीलाच माहीत नसतं.

हा वर मला ओळखीचा वाटला. ‘सिव्हिल वॉर’मध्ये स्टार्कच्या सांगण्यावरून स्पायडर-मॅन म्हणजे पीटर पार्कर जगापुढे मुखवटा काढतो. पुढे त्याला मारायला पाठवलेल्या माणसाची गोळी त्याला सांभाळणाऱ्या मे काकूला लागते. 2007 च्या ‘वन मोअर डे’ या कथेत तो मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करतो: काकू वाचेल, पीटर कोण हे जग विसरेल, पण पीटर आणि मेरी जेन यांचं लग्न कधी झालंच नव्हतं असं होईल. आई म्हणावी अशी बाई वाचते आणि किंमत म्हणून आठवण जाते. अनेक वाचकांना ती कथा टोचली. मला तिच्यात एक गोष्ट खरी वाटते: सौदा लावणारा तिथे सैतान आहे, त्यामुळे काहीतरी हिरावलं गेलं हे निदान कबूल केलेलं आहे. आपण मात्र परशुरामाचा वर त्याच्या हुशारीचा पुरावा म्हणून सांगतो.

माझं हे बोलणं आमच्या भजनी मंडळातल्या एका ज्येष्ठांना रुचलं नाही. त्यांचं म्हणणं मला जितकं चांगलं मांडता येईल तितकं मांडते. ते म्हणाले, बाई, ही कोर्टातली केस नाही. परशुरामाला बापाचं तप माहीत होतं. नाही म्हटलं असतं तर तोही शापानं जड झाला असता आणि मग आईला उठवायला कोण राहिलं असतं? त्यानं कुऱ्हाड चालवली ती भरवशावर, आणि भरवसा खरा ठरला. चौघांनी नकार दिला, पण त्या नकारानं आई वाचली नाही आणि तेही वाचले नाहीत. एकानं आज्ञा पाळली आणि पाचही जण परत मिळाले. दुसरं, जमदग्नीला नुसता रागीट म्हातारा करू नका. त्याच जमदग्नीनं पुढे कार्तवीर्याची मुलं आश्रमावर चालून आली तेव्हा शस्त्र उचललं नाही. रामाला हाका मारत मेला. आणि तिसरं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. लहान पोराला आधी उभं राहायला जमीन लागते. सगळ्याच गोष्टींना दोन बाजू आहेत असं आठव्या वर्षी शिकलेलं पोर अठराव्या वर्षी कशावरच उभं राहत नाही.

हे तिसरं बोलणं मी हलकं मानत नाही. सगळ्यांचंच थोडं थोडं बरोबर असं म्हणत बसणारी माणसं मी पाहिली आहेत. अन्याय समोर घडत असताना ती हात झटकून मोकळी होतात. दोन्ही बाजू मांडणं म्हणजे निकाल टाळणं असेल तर मलाही ते नको. माझा निकाल मी सांगते: जमदग्नीची आज्ञा अधर्माची होती, मुलांनी तिला नाही म्हणणं हाच धर्म होता आणि त्या चौघांनी तो पाळला. परशुराम मला मोठा वाटतो तो वर मागताना, परशू उचलताना वाटत नाही. पण हा निकाल द्यायचा अधिकार मला त्या ज्येष्ठांचं म्हणणं पुरतं ऐकल्यावरच येतो. आणि माझ्या आधी गावांनी आपला निकाल देऊन ठेवला आहे असंही मला वाटतं. माहूरच्या गडावर लोक चढतात ते रेणुकेसाठी, सौंदत्तीच्या डोंगरावर जातात ते तिच्याच यल्लम्मा रूपासाठी. जमदग्नीचं देऊळ शोधावं लागतं. माहूरला देवीचा नुसता मुखवटा पुजतात. ग्रंथानं जिला बोलू दिलं नाही तिचा चेहरा लोकांनी गाभाऱ्यात ठेवला.

परशुरामाच्याच आयुष्यात आणखी एक झगडा आहे, आणि तो वाचताना मला ‘सिव्हिल वॉर’ हे नाव त्यालाच शोभेल असं वाटलं. भीष्मानं काशीच्या तीन राजकन्या स्वयंवरातून पळवल्या. थोरली अंबा शाल्वावर मन जडलं होतं म्हणून परत पाठवली गेली, शाल्वानं नाकारली, भीष्माकडे आली तर त्याचं ब्रह्मचर्याचं व्रत आडवं आलं. तिची दाद घेऊन परशुराम उभा राहिला, स्वतःच्याच शिष्यासमोर. एकीकडे उद्ध्वस्त झालेल्या मुलीला न्याय, दुसरीकडे बापासाठी घेतलेली आणि कधी न मोडलेली प्रतिज्ञा. कुरुक्षेत्रावर तेवीस दिवस गुरुशिष्य लढले. अस्त्रांची वर्णनं पानोपानी आहेत. शेवटी पितर आणि देव मध्ये पडले, परशुरामानं शस्त्र खाली ठेवलं, दोघांची अब्रू राहिली. आणि अंबेला तो म्हणाला, मी होतं तेवढं केलं, आता तू भीष्मालाच शरण जा.

जिच्यासाठी लढाई झाली तिच्या हातात काही पडलं नाही. दोन वीरांना समसमान पानं मिळाली म्हणून ही कथा न्यायाची झाली का? मिलरच्या कथेतही स्टॅमफर्डमध्ये मूल गमावलेली मिरियम शार्प ही आई आहे. पहिल्या अंकात ती स्टार्कला जाब विचारते, शेवटच्या अंकात पुन्हा भेटते. मधल्या सगळ्या लढाईत ती जवळजवळ नाहीच. मला त्या कथेतला सर्वांत खरा क्षण शेवटी सापडला. कॅप्टन अमेरिका स्टार्कवर अखेरचा घाव घालणार एवढ्यात अग्निशमन दलाची, रुग्णवाहिकेची, पोलिसातली साधी माणसं त्याच्यावर झेप घेऊन त्याला खाली पाडतात. तो मान वर करून मोडकं शहर बघतो आणि शरण जातो. दोन बाजूंच्या भांडणात तिसरी बाजू पहिल्यांदा हातानं बोलली. महाभारतातल्या अंबेनं त्याहून जास्त केलं. तिनं कोणाचीच वाट न पाहता तप केलं, दुसरा जन्म मागून घेतला आणि शिखंडी होऊन भीष्मासमोर आली. व्यासांनी तिला विसरू दिलं नाही, आणि ‘मृत्युंजय’, ‘युगान्त’ वाचत मोठे झालेल्या आपल्या मराठी वाचकांना हे वेगळं सांगायला नको की महाभारतात हरलेल्यांचा हिशेब मागता येतो.

तोच भीष्म शरशय्येवर पडल्यावर युधिष्ठिराला एक गोष्ट सांगतो. शांतिपर्वातली ही चिरकारीची गोष्ट मी मुलांना वाचून दाखवते तेव्हा खोलीत चुळबूळ थांबते, कारण ती रेणुकेचीच गोष्ट आहे आणि तिचा शेवट निराळा आहे. गौतमाचा मुलगा चिरकारी प्रत्येक काम सावकाश करायचा; लोक त्याला मठ्ठ म्हणायचे. घरी पाहुणा आलेल्या पुरुषावरून आईचा अपराध समजून गौतमानं त्याला सांगितलं, हिला मार, आणि तो वनात निघून गेला. मुलगा हातात शस्त्र घेऊन विचार करत बसला.

त्याचा विचार महाभारतानं पुरेपूर लिहून ठेवला आहे. आधी तो बापाची बाजू मांडतो आणि मनापासून मांडतो: जन्म, संस्कार, विद्या, नाव सगळं त्याचं, त्याची आज्ञा मोडून मुलगा म्हणवून कसं घ्यायचं? इतकी चांगली मांडतो की वाचणाऱ्याला भीती वाटते, आता हा उठणार. मग तो आईची बाजू घेतो: देह तिनं घडवला, ती असेपर्यंत पांढऱ्या केसांचा माणूसही लेकरूच राहतो, ती गेली की जग ओसाड. त्यानंतर तो तिसरीकडे वळतो. अपराध खरोखर कोणाचा होता, आलेल्या पुरुषाचा की हिचा? म्हणजे ज्या आरोपावर शिक्षा ठरली तो आरोपच तो तपासायला घेतो. इतक्यात वनात गौतमाचा राग उतरतो. पाहुणा म्हणून मीच त्याला घरात घेतलं, माझ्याच मत्सरानं मी आंधळा झालो, असं म्हणत तो धावत परततो; आजच्या दिवस तरी पोरानं नावाप्रमाणे वागलं असावं अशी प्रार्थना करत. दारात मुलगा शस्त्र टाकून पाय धरतो. आई जिवंत उभी असते. बाप मुलाला कितीतरी वेळ पोटाशी धरतो.

इथे वर मागावा लागत नाही, काही पुसावं लागत नाही, सगळ्यांना सगळं आठवतं. अंबेपायी आपल्या गुरूशी तेवीस दिवस लढलेल्या माणसाच्या तोंडी, मरणाच्या उंबरठ्यावर, व्यासांनी ही गोष्ट घातली आहे. भीष्माच्या मनात तेव्हा कोण असेल, मला नेहमी वाटतं, रेणुका की अंबा.

भाच्यानं यावर आक्षेप घेतला, आणि तो योग्य होता. “आत्या, चिरकारीचं कॉमिक कोण घेईल? पानभर बसून विचार करायला लागलाय नुसता.” खरं आहे. चित्रकथेला कुऱ्हाड उचलणारा हात लागतो. राज कॉमिक्सचा डोगा म्हणूनच लोकप्रिय झाला. कुत्र्याचा मुखवटा घालणारा हा मुंबईतला पहिलवान गुन्हेगाराला कोर्टापर्यंत जाऊच देत नाही, आणि त्याच प्रकाशनाचा सुपर कमांडो ध्रुव कोणाचा जीव घेत नाही. एकाच स्टॉलवर दोन्ही अंक मिळायचे. कुठला धर्म खरा हे पोरं भाड्यानं अंक नेऊन ठरवायची.

हा वाद कागदावरच राहतो असंही नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक मुलीवर अत्याचार करून तिला जाळलं गेलं आणि थोड्याच दिवसांत चार संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या आयोगानं 2022 मध्ये अहवालात म्हटलं की पोलिसांनी मारण्याच्या हेतूनंच गोळ्या झाडल्या आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा. माझं मत आयोगाच्या बाजूनं आहे. तरी फुलं उधळणाऱ्यांना मी रानटी म्हणणार नाही. दिल्लीच्या 2012 च्या अत्याचाराच्या प्रकरणात शिक्षेची अंमलबजावणी व्हायला मार्च 2020 उजाडलं. त्या मुलीच्या आईबापांनी ती वर्षं कोर्टाच्या पायऱ्यांवर काढली. सावकाशीलाही कोणीतरी किंमत मोजतं आणि ती नेहमी न्यायाधीश मोजत नाही. हे मान्य केल्याशिवाय डोगाच्या वाचकाशी बोलता येत नाही.

आणि कुऱ्हाडीशिवाय चित्रकथा होतच नाही असं तरी का समजायचं? माझ्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स मराठीत यायची, बहुतेकांना त्यातला वेताळ आठवतो. मला बहादूर आठवतो. 1976 साली आबिद सुरतींनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणियांनी काढलेला हा दरोडेखोराचा मुलगा. ज्या विशाल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीनं बाप मेला त्यानंच त्याला वाढवलं. सूड घ्यायचा तर समोर ताट वाढणारा माणूस. आपला बाप गावांसाठी काय होता हे मुलाला कळत जातं आणि तरीही तो बापच राहतो. आत शिरायला इतकी अवघड जागा असूनही तो आठवड्याच्या बाजारात विकला गेला.

तेव्हा मी शनिवारच्या मुलांना सांगितलं, रेणुकेच्या गोष्टीतलं जे पान कोणी लिहिलं नाही ते काढा. अट एकच: ज्याचं पान तो वाचून म्हणाला पाहिजे, होय, हे माझंच बोलणं आहे. एका मुलानं जमदग्नी घेतला. त्यानं लाल डोळे काढले नाहीत. आज्ञा देताना ऋषीचा हात थरथरतो असं दाखवलं आणि आपल्या पाच मुलांकडे न बघता तो जमिनीकडे बघत बोलतो. एकीनं चौघा भावांपैकी विश्वावसू घेतला. आधीच्या तिघांचं काय झालं ते त्यानं पाहिलंय, तरी तो जागचा हलत नाही. त्याच्या तोंडापुढे तिनं संवादाचा फुगा काढलाय आणि आत लिहिलंय, ‘तुम्ही मला पक्षी करा.’ मला तो नकार महाभारतात हवा होता.

रेणुका घ्यायला कोणी तयार होईना. शेवटी सहावीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, ती उठल्यावर पुन्हा पाण्याला गेली असंल की. मग गळ्याची खूण दिसली नसंल का तिला पाण्यात?” तिनं तेच काढलं: नदी, वाकलेली बाई, मागे उभा मुलगा. खाली संवाद कोणाचा लिहायचा यावर मुलांचं जोरात भांडण झालं. निम्म्यांचं मत, परशुरामानं आता सगळं सांगून टाकावं. निम्म्यांचं, बाईनं विचारावं. भजनी मंडळातले ज्येष्ठ दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, सांगायचं असंल तर त्यानंच सांगावं, तिला विचारायला लावू नका. मुलांनी ते मान्य केलं.

आता अंबेची गोष्ट घेतोय. पहिल्या पानावर शाल्वाच्या दारातून परत फिरलेली अंबा असणार, हे ठरलंय. भीष्माचं पान मी विश्वावसूवालीला दिलं, कारण वर्गात भीष्माचा सगळ्यांत जास्त राग तिला येतो. ती चिडली. “मी का लिहू त्याचं? मला तर तो आवडतच न्हाई.” मी म्हटलं, म्हणूनच. तिनं कागद घेतला आणि घरी जाण्याआधी विचारून गेली, बाई, बापासाठी लग्न न करायची शपथ त्यानं घेतली तेव्हा तो केवढा होता?